घोडामैदान जवळच असते

'घोडामैदान जवळच आहे' असे आपण म्हणतो तेव्हा समोरच्याला बजावत असतो: बोललास ते ठीक, खरे-खोटे आता कळेलच. ही म्हण जिथे सगळ्यात चपखल बसायला हवी, नेमकी तिथेच ती कुणी वापरत नाही. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजार मीटरची शर्यत सुमारे एका मिनिटात संपते. आदल्या दिवशी केलेल्या भाकिताचा निकाल इतका झटपट आणि इतका उघड दुसरीकडे क्वचितच लागत असेल. तरीही भाकीत करणारा पुढच्या शर्यतीच्या दिवशी त्याच रकान्यात, त्याच ठसक्यात हजर असतो आणि मागचा हिशेब त्याला कुणी विचारत नाही.

माझे भांडण या रकान्याशी आहे. घोड्यांशी नाही आणि पैज लावणाऱ्यांशी तर मुळीच नाही. वर्तमानपत्रातल्या 'टिप्स'चा एक ठरलेला साचा असतो. दिवसात सात-आठ शर्यती, प्रत्येकीपुढे तीन नावे, त्यांना एक-दोन-तीन असे क्रमांक आणि शेवटी 'दिवसाचा सर्वोत्तम' म्हणून एक नाव ठळक अक्षरांत. वर मथळा: अमुक घोड्याला विजयाची संधी. संधी किती, कशावरून, आणि मागच्या खेपेला सांगितलेल्या 'सर्वोत्तम'चे काय झाले, यांतले काहीही नाही. साहित्याच्या भाषेत सांगायचे तर हा असा समीक्षक आहे, जो फक्त निवाडा देतो आणि पुस्तक उघडून दाखवत नाही.

रेसच्या बाबतीत आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, सगळा नशिबाचा खेळ, भल्या माणसाने तिकडे फिरकू नये. दुसरा म्हणतो, आतली खबर आहे, घोडा खात्रीचा. वरवर हे एकमेकांचे वैरी. पण दोघांच्याही मते तिथे वाचण्यासारखे काही नाही. एकाला वाचन व्यर्थ वाटते, दुसऱ्याला अनावश्यक. सामान्य पंटर या दोघांच्या मध्ये सापडतो. हातात पेन्सिल आणि रेसबुक घेऊन आकड्यांवर खुणा करत बसलेला हा माणूस पहिल्याच्या लेखी जुगारी आणि दुसऱ्याच्या लेखी गिऱ्हाईक. तो वाचक आहे, हे दोघेही कबूल करत नाहीत.

वाचण्यासारखे तर पुष्कळ असते. आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप प्रकारच्या. घोड्याच्या आजवरच्या कामगिरीवरून त्याला रेटिंग मिळते आणि रेटिंग जास्त त्याच्या पाठीवर वजनही जास्त. म्हणजे सगळे घोडे एका रेषेत पोचावेत, ही हँडिकॅपरची नोकरीच आहे. टिप देणारा जो फरक शोधतो, तो पुसून टाकण्यासाठी एक जाणकार माणूस आधीच पगारावर बसलेला आहे. मूळ शब्दही मासलेवाईक: जुन्या इंग्रजीतल्या 'टोपीत हात' या अर्थाच्या शब्दांतून तो आला. वस्तूंची अदलाबदल करताना मधला पंच किमतीतला फरक ठरवायचा आणि दोघे टोपीत हात घालून होकार-नकार कळवायचे. फरक मोजून समतोल साधणे, हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे.

मग अंतर. हजार मीटरवर सुसाट सुटणारा घोडा इंडियन डर्बीच्या चोवीसशे मीटरवर शेवटच्या सरळीत दमू शकतो. मग जमीन ओली की टणक, स्टार्टिंग गेट आतले की बाहेरचे, जॉकी शिकाऊ असल्यामुळे वजनात मिळालेली सूट, मागच्या शर्यतीत घोड्याला वाट मिळाली होती की तो कोंडला गेला होता. आणि पहाटेच्या सरावाच्या नोंदी. त्या वाचताना माझ्यातला अनुवादक हटकून जागा होतो. दोन घोडे सहाशे मीटर ३८ सेकंदांतच धावले. एकापुढे लिहिले आहे 'मूव्हड फ्रीली', दुसऱ्यापुढे 'अर्ज्ड'. पहिला आपण होऊन मोकळा धावला, दुसऱ्याला तेवढ्यासाठी रेटावे लागले. वेळ तीच, अर्थ उलटा. दोन्हींचे मराठी 'चांगला सराव केला' असे केले, की भाषांतर कुठे अडत नाही, पण वाचणाऱ्याचे पैसे जातात. चुकीच्या क्रियाविशेषणाची इतकी रोख किंमत कवितेच्या अनुवादकाला कधी मोजावी लागत नाही.

या वाचनाला आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मान दिला आहे. तामिळनाडू सरकारविरुद्धच्या के. आर. लक्ष्मणन खटल्यात १९९६ साली न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. जिंकणे मुख्यतः ज्ञान, अनुभव, लक्ष यांवर अवलंबून असते, असा त्या निर्णयाचा आधार. घोड्याची पैदास, वजन, अंतर, जॉकीची हातोटी हे सगळे अभ्यासता येते, म्हणून हा निव्वळ जुगार नव्हे. भारतातल्या रेसकोर्सांचे दरवाजे कायद्याच्या दृष्टीने या एका वाक्यावर उघडे आहेत. आणि टिप्सचा रकाना नेमके तेच वाक्य दर आठवड्याला खोटे पाडतो. कारणाशिवाय दिलेले नाव हे कौशल्य नव्हे, कौल आहे.

पण खरे घोडे पेंड खाते ते भावापाशी. 'कोण जिंकेल?' हा प्रश्नच अर्धवट आहे. पुरा प्रश्न असा: जिंकण्याची शक्यता किती आणि तिला भाव काय मिळतो? एकास दोन भाव असलेला घोडा तीनांत एकदा जिंकला तर पैज जेमतेम बरोबरीत सुटते. माझ्या वाचनानुसार तो चारांत एकदाच जिंकणार असेल, तर आज तो पहिला आला तरी माझी निवड वाईटच. उलट, एकास नऊचा घोडा हरला, पण सहांत एकदा जिंकण्याइतका तो चांगला होता, तर निवड चांगली. मराठी रकान्यात भावाचा उल्लेख नसतो, म्हणून त्यातले भाकीत बरोबर आले तरी ते बरोबर नसते.

बुकीचे गणितही त्याच भावांत लपलेले असते. समजा, पाच घोडे: एक बरोबरीच्या भावाचा, एक एकास दोनचा, एक एकास चारचा आणि दोन एकास नऊचे. त्या भावांत दडलेल्या शक्यता टक्क्यांत मांडा: ५०, ३३, २०, १०, १०. बेरीज १२३. शक्यतांची बेरीज शंभरापलीकडे जाऊ शकत नाही. वरचे २३ हे बुकीच्या दुकानाचे भाडे. टोटवर हेच काम आधी कापून घेतलेल्या हिश्श्याने होते. म्हणजे इतरांइतके चांगले वाचून भागत नाही. त्यांच्याहून बरेच चांगले वाचावे लागते, तेव्हा कुठे माणूस बरोबरीत सुटतो.

म्हणूनच जाणत्या वाचकाचा पहिला गुण म्हणजे सोडून देणे. आठांपैकी पाच शर्यतींबद्दल आपल्याला इतरांहून अधिक काही कळत नाही, हे ओळखून तो गप्प बसतो. रकान्याला गप्प बसण्याची मुभा नाही. आठही चौकटी भरायच्याच. जॅकपॉट तर हे मौन हिरावूनच घेतो, कारण तिथे सलग पाच विजेते सांगावे लागतात. जगभरच्या मैदानांवर पहिल्या पसंतीचा घोडा साधारण तीनांत एकदा जिंकतो, असा ढोबळ अनुभव आहे. पाचही पसंतीचे घोडे घेतले, तर पाचही बरोबर येण्याची शक्यता २४३ मध्ये एक. हे आकडे टिपांशेजारी छापायला शाईचे दोन थेंब पुरतील.

गर्दीलाही कमी लेखण्याचे कारण नाही. आर. एम. ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकी शर्यतींचे भाव तपासले. लोकांचे अंदाज एकंदरीत बरेच नेमके निघाले. चूक टोकांना होती. लांब भावाच्या घोड्यावर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, पसंतीच्या घोड्यावर कमी. हाँगकाँगमध्ये संगणकाच्या मदतीने प्रचंड पैसा मिळवणाऱ्या बिल बेंटरने आपली पद्धत १९९४ साली लिहून प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा, की स्वतःचा अंदाज एकटा पुरत नाही. तो लोकांनी ठरवलेल्या भावाशी जोडला, तेव्हा तो कामाचा ठरला. इतरांचे वाचन वाचल्याशिवाय आपले वाचन पुरे होत नाही, हे तौलनिक साहित्याच्या वर्गात शिकवतात. बेंटरने ते रोखीत सिद्ध केले.

रकान्याचे समर्थक म्हणतील, वाचकाला एवढेच हवे असते, आणि जागाही तेवढीच असते. जागेचे म्हणाल, तर तीन नावांच्या जागी एक नाव, एक आकडा आणि एक कारण मावते. आणि वाचकाला काय हवे, हे त्याला दुसरे काही देऊन न पाहताच ठरवलेले आहे. ज्याला इंग्रजी रेसबुक सहज वाचता येते, त्याला कारणे तिथे मिळतात. मराठी रकान्यावर विसंबणाऱ्याच्या वाट्याला फक्त नावे. ही विषमता भाषेची आहे, आणि ती बहुधा त्याच माणसाच्या खिशाला भोवते, ज्याला हरणे सगळ्यात कमी परवडते.

भरीला कर. कौशल्याचा म्हणून न्यायालयाने वाचवलेल्या या खेळावर २०१७ मध्ये जीएसटी आला तो लॉटरी आणि कॅसिनोच्या रांगेत, २८ टक्क्यांनी. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. राज्य एका हाताने याला विद्या म्हणते आणि दुसऱ्या हाताने व्यसन. जॉर्ज मूरच्या १८९४ सालच्या 'एस्थर वॉटर्स' या कादंबरीत लंडनच्या एका गुत्त्यात वजनांचा हिशेब करणारा आणि शकुन पाहणारा एकाच टेबलाशी वाद घालतात. मूरला दोघांचीही कीव आहे. पण ते दोघे वेगवेगळे आहेत, हे त्याला कळते. आपल्या करखात्याला आणि वर्तमानपत्रांना ते अजून कळलेले नाही.

साहित्याच्या लोकांनी यावर नाक मुरडू नये. दर ऑक्टोबरात नोबेलच्या आधी ब्रिटिश बुकींचे भाव आपल्याच पुरवण्यांत चवीने छापले जातात, आणि ज्यांचे एक पानही वाचलेले नाही त्या लेखकांबद्दल आपण 'यंदा त्यांना संधी आहे' असे म्हणतो. वर्षाअखेरीच्या 'सर्वोत्तम दहा'च्या याद्या हा तर टिप्सचाच रकाना; फरक एवढाच, की तिथे शर्यत कधी संपत नाही, त्यामुळे कुणी हरतही नाही. पाच वर्षांपूर्वीच्या यादीतली किती पुस्तके आज कुणाच्या हातात आहेत, हा हिशेब कोणत्या संपादकाने मांडला आहे?

मागणी साधी आहे. भाकीत करणाऱ्याने शक्यता आकड्यात लिहावी. एक कारण द्यावे. ज्या शर्यतीबद्दल सांगण्यासारखे काही नाही, तिथे 'सोडा' असे छापावे. आणि रकान्याच्या डोक्यावर हंगामाचा चालू हिशेब ठेवावा: प्रत्येक टिपेवर दहा रुपये लावले असते, तर आज हातात किती उरले असते. हे जमत नसेल, तर संपादकांनी तो रकाना क्रीडापानावरून उचलून राशिभविष्याशेजारी ठेवावा. तिथे निदान वाचकाला ठाऊक असते, की आपण काय वाचतो आहोत.