स्की येत नाही, तरी गुलमर्ग

"स्की येत नाही तर गुलमर्गला कशाला? पैसे वर आलेत का?" असं विचारणाऱ्या समस्त नातेवाईक मंडळींना हे उत्तर. (चोरून ब्लॉग वाचता, माहीत आहे मला!)

अहो, माथेरानला जाणारे सगळे काय घोडेस्वार असतात? बदलापूरकराला बर्फ ठाऊक तो गोळेवाल्याकडचा. १९२७ साली इंग्रजांनी तिथे स्की क्लब काढला, म्हणून डोंगर काय स्कीवाल्यांच्या नावावर झाला? २,६५० मीटरवरच्या त्या पठारावर चालायला तिकीट नाही. श्रीनगरहून शेअर सुमोने टंगमर्ग, मुक्काम तिथेच, वर १३ किलोमीटर. गंडोला हवाच तर पहिला टप्पा पुरे. दुसरा टप्पा अफरवाटला नेतो, तिथून स्कीवाले घसरत खाली येतात आणि आपण धापा टाकत, फोटो काढून त्याच डब्यातून परत.

माझा राग वेगळाच आहे. विमानाला, हॉटेलला निमूट पैसे मोजणाऱ्या आपल्या लोकांना बजेट आठवतं कुठे? स्लेजवाल्यापाशी! ऐंशी किलोचा ऐवज चढावर ओढणाऱ्या माणसाशी पन्नास रुपयांवरून हुज्जत. वर घरी येऊन, "काय लुटतात हो तिथे!" माणसाने माणसाला ओढणं बरं नव्हे म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने माथेरानच्या हातरिक्षा बंद करायला सांगितलं, तेव्हा पेपर वाचून माना डोलावणारे हेच.

परवडत नसेल तर चाला ना! गमबूट भाड्याने मिळतात, तेवढे मात्र घ्या.