शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; पण चढावी लागलीच, तर तिथे नेमकं काय होतं?

सकाळचे साडेदहा. तालुक्याच्या कोर्टाचं आवार. गेटच्या बाहेर चहाची टपरी, झेरॉक्सचं दुकान, पत्र्याच्या शेडखाली टायपिंगवाले आणि स्टॅम्प घेण्यासाठी लागलेली रांग. माझ्यासोबत माझी मावशी. हातात कापडी पिशवी, त्यात सातबारा, काकांचा मृत्यूचा दाखला आणि दुपारची भाकरी.

काका गेल्यानंतर त्यांच्या वाट्याची जमीन मिळावी म्हणून मावशीने दिरांविरुद्ध वाटणीचा दावा केला आहे. निकाल लागेपर्यंत जमीन विकली जाऊ नये, यासाठी मनाई हुकमाचा अर्जही आहे. गाव तालुक्यापासून तीस-बत्तीस किलोमीटरवर. त्या दिवशी मी पहिल्यांदाच तिच्यासोबत गेले होते.

संध्याकाळी घरी आल्यावर आईने फोनवर विचारलं, "काय झालं गं?"

मावशी म्हणाली, "काय व्हायचंय? तारीख पडली."

हे वाक्य महाराष्ट्रातल्या हजारो घरांमध्ये रोज बोललं जातं. प्रलंबित खटल्यांचे आकडे आपण बातम्यांमध्ये वाचतो. नॅशनल ज्युडिशिअल डेटा ग्रीडनुसार देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत ४ कोटींहून जास्त प्रकरणं प्रलंबित आहेत, त्यातली ५० लाखांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. पण त्या आकड्यातल्या एका माणसाचा कोर्टातला एक दिवस कसा जातो, याबद्दल फार कमी बोललं जातं. तोच दिवस आपण समजून घेऊ.

तारीख कळते, वेळ कळत नाही

दवाखान्यात नंबर लागतो, पासपोर्ट ऑफिसात वेळ ठरवून मिळते. कोर्टात मात्र फक्त तारीख मिळते. त्या दिवशी सकाळी हजर राहायचं आणि पुकारा होईपर्यंत थांबायचं.

कोर्टरूमच्या बाहेर एक यादी लावलेली असते. तिला म्हणतात बोर्ड. दिवसभरात न्यायाधीशांसमोर येणारी सगळी प्रकरणं त्यावर क्रमाने असतात. आम्ही मोजली तेव्हा त्या दिवशीच्या बोर्डावर ८३ प्रकरणं होती. मावशीचा नंबर ४७वा.

आता साधा हिशेब करा. जेवणाची सुट्टी वजा करता कोर्टाचं कामकाज दिवसाला साधारण पाच तास चालतं, म्हणजे ३०० मिनिटं. ८३ प्रकरणांना प्रत्येकी चार मिनिटंसुद्धा येत नाहीत. त्यातच एखाद्या खटल्यात साक्ष नोंदवायची असेल, तर तास-दीड तास त्यालाच लागतो. म्हणजे बोर्डावरच्या बहुतेक प्रकरणांत त्या दिवशी खरं कामकाज होणार नाही, हे सकाळी अकरालाच उघड असतं. न्यायाधीशांना, वकिलांना आणि कारकुनांना ते माहीत असतं. माहीत नसतं ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या पक्षकाराला.

मावशीचा पुकारा झाला दुपारी पावणेदोनला. समोरच्या वकिलांच्या वतीने त्यांच्या ज्युनिअरने मुदतीचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी तो वाचला, मावशीच्या वकिलांनी तोंडी हरकत घेतली आणि दीड महिन्यानंतरची तारीख पडली. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. वकील पुढच्या कोर्टात धावताना एवढंच म्हणाले, "झालं मावशी, तुम्ही निघा आता."

कायदा काय सांगतो?

तहकुबी कितीही वेळा मागता येते, असा बऱ्याच जणांचा समज आहे. कागदावर तसं नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ नुसार दाव्याच्या सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये. तहकुबी मागणाऱ्यावर खर्च बसवण्याचीही तरतूद आहे. कलम ३५ब तर उशीर करणाऱ्याने समोरच्याला खर्च द्यावा, यासाठीच आहे. फौजदारी खटल्यांसाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा आणखी कडक आहे. पक्षकाराच्या हाताबाहेरची परिस्थिती असेल तरच, लेखी कारण नोंदवून, जास्तीत जास्त दोन तहकुबी.

मग तारखा पडतच का राहतात? एक कारण म्हणजे, अपवादात्मक परिस्थितीत दिवाणी कोर्ट तीनची मर्यादा ओलांडू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलं. प्रत्यक्षात हा अपवादच नेहमीचा झाला.

दुसरं कारण मनुष्यबळाचं. दर १० लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश हवेत, अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ मध्ये केली होती. आज हे प्रमाण २२च्या आसपास आहे.

तिसरं कारण डेटा ग्रीडवरच दिसतं. खटले का रखडले, याची जी कारणं तिथे नोंदवलेली आहेत, त्यात सगळ्यात वर आहे 'वकील उपलब्ध नाहीत'. त्यानंतर आरोपी फरार असणं, साक्षीदार न येणं, वरच्या कोर्टाची स्थगिती आणि कागदपत्रांची प्रतीक्षा अशी कारणं येतात.

वकिलांचीही एक बाजू आहे. एकाच वकिलाची एकाच सकाळी तीन कोर्टरूममध्ये प्रकरणं असतात आणि कुठला पुकारा कधी होईल, हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हणजे वेळ न ठरवण्याची पद्धत वकिलालाही गैरहजर ठरवते, आणि तो गैरहजर राहिला की आणखी एक तारीख वाढते.

एका तारखेची किंमत

मावशी शेतात रोजंदारीवर जाते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा भार थोडा हलका झाला. पण त्या दिवसाची मजुरी बुडालीच. शिवाय झेरॉक्स, चहा आणि वकिलांच्या कारकुनाला दिलेले वरखर्चाचे पैसे वेगळे.

'दक्ष' या संस्थेने २०१६ मध्ये देशभरातल्या पक्षकारांचं सर्वेक्षण केलं होतं. त्यात दिवाणी प्रकरणातल्या पक्षकाराला एका तारखेला कोर्टात येण्यासाठी सरासरी ४९७ रुपये खर्च येतो आणि ८४४ रुपयांचं उत्पन्न बुडतं, असं आढळलं. म्हणजे दोन्ही मिळून १,३४१ रुपये, तेही दहा वर्षांपूर्वीच्या दराने आणि वकिलाची फी न धरता.

हा खर्च कोर्टाच्या कुठल्याही कागदावर येत नाही. रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याच्या नोंदीत, फक्त 'मुदतीचा अर्ज मंजूर' एवढंच लिहिलं जातं. तो मंजूर झाला तेव्हा कोणाची मजुरी गेली, हे लिहायला तिथे रकाना नाही.

खरा फटका तर वेगळाच आहे. मनाई हुकमावर सुनावणी लांबते, तोवर मावशीचं संरक्षणही लांबतं. जमिनीचा ताबा ज्यांच्याकडे आहे, त्यांना घाई नसते. दोन्ही बाजूंना तारीख एकच पडते, पण ती एकालाच महाग पडते.

पाणी, बाक आणि शौचालय

दुपारपर्यंत मावशीने पाणी प्यायलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाली, "इथं बाईमाणसाने जायचं कुठं?" आवारात महिलांसाठी एक शौचालय होतं. दाराला कडी नव्हती.

हा एका कोर्टाचा प्रश्न नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा आले होते. देशातल्या २६ टक्के न्यायालय संकुलांत महिलांसाठी स्वतंत्र शौचालय नाही आणि शुद्ध पिण्याचं पाणी फक्त ५४ टक्के संकुलांत आहे, असं त्यांनीच त्या व्यासपीठावरून सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांतल्या फक्त ६.७ टक्के सुविधा महिलांना सोयीच्या असल्याचं म्हटलं.

१५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कोर्टात स्वच्छ आणि वापरण्याजोगं शौचालय असणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पुरुष, महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी वेगळी सोय करा आणि देखरेखीसाठी समित्या नेमा, असे आदेश सर्व उच्च न्यायालयांना देण्यात आले. दाराला कडी बसते का, हे आता तालुक्यात जाऊन पाहावं लागेल.

मोबाईलवर काय कळतं?

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्याचा फायदा दिसतोही. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, महाराष्ट्रातला असेल तर तो एमएच या अक्षरांनी सुरू होतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की पुढची तारीख, आधीच्या तारखा आणि प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, हे कळतं.

परतीच्या एसटीत मी मावशीचा क्रमांक टाकून पाहिला. त्या दिवशीचा टप्पा होता मनाई अर्जावरचा युक्तिवाद, म्हणजे वकिलांनी बोलायचं काम. दिवाणी दाव्यात वकील दिला असेल, तर अशा तारखेला पक्षकाराने स्वतः हजर राहण्याची सहसा गरज नसते. मावशी दोन वर्षं प्रत्येक तारखेला येत होती. 'यायची गरज नाही' असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे तिला माहीत नव्हतं.

महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनुसार मराठी आहे. तरीही 'निशाणी ५', 'कैफियत', 'म्हणणे', 'शपथपत्र' हे शब्द मराठी असूनही मावशीला परकेच आहेत. बाहेर कारकून आणि आत वकील, अशा दोघांच्या तोंडून जेवढं कळेल तेवढंच तिचं कोर्ट.

जाण्याआधी हे माहीत असू द्या

- आपला सीएनआर क्रमांक वकिलांकडून लिहून घ्या. तारखेच्या आदल्या दिवशी ॲपवर टप्पा बघा आणि 'उद्या माझी गरज आहे का?' असं वकिलांना थेट विचारा.
- दिवाणी दाव्यात तुमची साक्ष, उलटतपासणी किंवा तडजोडीची बोलणी असेल तर जावंच लागतं. कोर्टाने हजर राहायला सांगितलं असेल तरीही.
- फौजदारी खटल्यात आरोपी असाल तर हजेरी टाळू नका. अडचण असेल तर वकिलांमार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्या, नाहीतर वॉरंट निघू शकतं.
- फौजदारी खटल्यात साक्षीदार म्हणून आला असाल, तर प्रवास आणि इतर वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. त्यासाठी विचारावं लागतं.
- रोजनाम्याची किंवा आदेशाची प्रत हवी असेल तर नकलेचा अर्ज करा. तो तुमचा हक्क आहे.
- कोर्ट खुलं असतं. कोणीही मागे बसून कामकाज ऐकू शकतं. इन-कॅमेरा सुनावण्या याला अपवाद. फोन मात्र बंद ठेवा, आत फोटो आणि व्हिडिओ काढायला परवानगी नसते.
- महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये ही तरतूद आहे. हेल्पलाइन क्रमांक १५१००.

या शेवटच्या मुद्द्यापाशी मी अडखळले. तालुका विधी सेवा समितीची पाटी त्याच इमारतीत होती, आम्ही बसलो होतो त्या बाकापासून चार दारं पलीकडे. मावशी दोन वर्षं त्या पाटीसमोरून जात होती आणि वकिलांच्या फीसाठी उसने पैसे घेत होती.

मग बदल कुठून सुरू व्हावा?

न्यायाधीशांची पदं भरणं, नव्या इमारती बांधणं याला वर्षं लागतील. ती मागणी चालूच राहायला हवी. पण काही गोष्टींना तेवढे पैसे लागत नाहीत. बोर्ड सकाळ आणि दुपार अशा दोन भागांत लावता येईल. मुदतीचा अर्ज द्यायचाच असेल तर तो आदल्या दिवशी द्यावा आणि समोरच्याला मेसेज जावा, म्हणजे त्याचा दिवस वाचेल. ॲपवर टप्प्यासोबत 'पक्षकाराची हजेरी आवश्यक आहे किंवा नाही' ही एक ओळ साध्या मराठीत टाकता येईल. आणि तहकुबीसाठी खर्च बसवण्याचं कलम आहेच, ते वापरता येईल.

या सगळ्यासाठी आधी एक गोष्ट मान्य करावी लागेल. कोर्टाच्या वेळेइतकीच बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या वेळेलाही किंमत आहे.

मावशीची पुढची तारीख जवळ आली आहे. यावेळी ती शेतावर जाणार आहे आणि मी ॲप बघणार आहे. विधी सेवा समितीकडे अर्ज कसा करायचा, ते विचारायला मात्र आम्ही दोघी त्याआधी एकदा जाऊन येणार आहोत. तेवढ्यासाठी तिचा आणखी एक दिवस बुडेल.