हिंदुरावाला चार अक्षरांत बसवताना
सदर : पडद्यावरचे पुढारी / ‘सीमावासी’

व्यक्तिमत्त्व चाचण्यांचं खूळ तेलंगणातल्या आमच्या बोथपर्यंत यायला वेळ लागला नाही; मोबाइल आला तिथं तेही आलं. प्रश्नांवर टिचक्या मारत जायचं, शेवटी चार इंग्रजी अक्षरं हाती पडतात आणि माणूस सोळांपैकी एका प्रकारात जाऊन बसतो. युंगने १९२१ साली मांडलेल्या विचाराला कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी दिलेलं हे रूप. त्याच माणसाने काही आठवड्यांनी पुन्हा उत्तरं दिली तर अनेकदा प्रकार बदलतो, पण खेळाची गोडी काही कमी होत नाही. आता तो काल्पनिक पुढाऱ्यांवर चालतो. ‘बाहुबली’तली शिवगामी घ्या, लावा ‘ईएनटीजे’, म्हणजे कमांडर. झालं!

मग मराठीतला सगळ्यात दणकट पुढारीच घेऊ. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला. निळू फुल्यांचा हा साखरसम्राट कमांडर वाटतो खरा, पण नीट पाहा. तो आवाज क्वचितच चढवतो. दारूत बुडालेल्या मास्तरला वाड्यावर आणून खाऊपिऊ घालतो, त्याची टोचणी ऐकून घेतो, त्याच्यावर जीवही लावतो. डॉ. लागूंचा मास्तर नको तो प्रश्न धरून बसतो, गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं हा, तरी हिंदुराव त्याला लगेच हाकलत नाही. हा माणूस डोक्याने चालणारा की मनाने? चाचणीला इथे एकच अक्षर हवं असतं. मला ते ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही वाटत नाही.

कारण हिंदुरावाची हुकमत त्याच्या स्वभावात नाहीच. ती कारखान्यात आहे, त्याच्या कृपेवर चूल पेटणाऱ्या घरांत आहे. हुकूम त्याच्या तोंडून सुटतो, पण चालतो गावाच्या गप्प बसण्यावर. कारखाना काढून घ्या, उरेल एक गमत्या, जरा एकटा म्हातारा. चाचणीत कुठेच विचारलेलं नसतं की तुमच्या सहीवाचून किती जणांचं अडतं.

आमच्याकडे साखर कारखाना नाही. कापूस आणि सोयाबीन. सीमेपलीकडे महाराष्ट्रातलं किनवट, अलीकडे आम्ही. ‘सामना’ही कळतो आणि तेलुगू पडदाही. त्या पडद्याने २०२२ मध्ये याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या गोंड पुढाऱ्याला, कोमराम भीमला, घेतलं. राजामौलींच्या ‘आरआरआर’मध्ये अक्षरांऐवजी पंचमहाभूतं आली, एवढाच फरक: दुसरा नायक अल्लुरी सीताराम राजू आग आणि भीम पाणी. पडद्यावर ते झकास दिसतं, भीम झालेल्या ज्युनियर एनटीआरचं काम तर फारच. पण तिथला भीम दिल्लीत एका मुलीला सोडवायला जातो. खरा भीम १९४० मध्ये केरामेरीजवळच्या जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, तो जंगल आणि जमिनीच्या भांडणात.

त्यानंतर निजाम सरकारने हैमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला इथल्या गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं. भीम अंतर्मुख होता की बहिर्मुख, या वाटेला तो गेला नाही. त्याने पाहिल्या जंगलखात्याने आखलेल्या राखीव हद्दी आणि गोंडांच्या हातून सुटत गेलेली शेतं. पुढे गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, त्यात त्याच्या कामाचा वाटा मोठा. पुढारी असा वाचावा.

चाचणी करमणूक म्हणून खेळायला माझी ना नाही. लोक राशी बघतातच की. फक्त निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराला ‘जन्मजात नेता’ म्हणून विकायला कुणी आलं, तर त्याच्या स्वभावाआधी त्याच्या जमिनी, ठेके आणि संस्था विचारा. पुढच्या आठवड्यात ‘सिंहासन’मधले मुख्यमंत्री जिवाजीराव.