बहिष्काराच्या पोस्टी टाकण्याआधी टॅरिफचं पुस्तक उघडा



आपल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, 'घोटीच्या बाजारात बांगलादेशी टी-शर्ट विकणाऱ्यांवर बहिष्कार टाका.' सोबत फोटो कोणाचा, तर ताडपत्री टाकून बसलेल्या माणसाचा. अहो, तो उल्हासनगरहून गठ्ठा उचलून आणतो. माल कुठला, हे त्यालाच धड माहीत नसतं. त्याच्यावर कसला राग काढता?

राग काढायचा तर कस्टम्सच्या टॅरिफवर काढा. होजिअरीच्या कापडाचा रोल म्हणजे चॅप्टर ६०. तेच कापड कापून शिवलं की चॅप्टर ६१. त्यात टी-शर्ट ६१०९, स्वेटर ६११०. या चॅप्टरच्या टिपा वाचाच एकदा. पुढची डावी बाजू उजवीवर येत असेल तर कपडा पुरुषाचा, उलट असेल तर बाईचा, आणि ओळखूच आलं नाही तरी बाईचाच! सेंटीमीटरला सरासरी १० पेक्षा कमी टाके असतील तर तो शर्ट म्हणून धरत नाहीत. एवढं बारीक मोजमाप.

आता खरी गंमत. २०२५ च्या बजेटमध्ये अशा कापडाच्या ९ टॅरिफ ओळींवर ड्युटी केली २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जी जास्त असेल ती. हे बरोबरच केलं. नुसती टक्केवारी असली की १०० चा माल बिलात ५० ला दाखवायचा, ड्युटी अर्धी. वजन मात्र काटा सांगतो. गिरणीवर भात घालणाऱ्या घोटीकरांना हे वेगळं सांगायला नको.

पण तेच चिनी कापड बांगलादेशात जाऊन टी-शर्ट होऊन आलं तर? साफ्टा करारात २०११ पासून त्यावर मूळ कस्टम ड्युटी शून्य. मूल्यवर्धनाची अट आहे, ओरिजिनचं सर्टिफिकेट लागतं, पण कागद कागदच असतो. आमच्या गल्लीतल्या ताई किलोवर कापड आणून ट्रॅक पँट शिवतात. बाहेरच्या कच्च्या मालावर ड्युटी, बाहेरून शिवून आलेल्या पँटवर शून्य. त्यांनी शिलाई किती कमी करायची?

१७ मे २०२५ ला सरकारने बांगलादेशी रेडिमेड कपड्यांना जमिनीवरून बंदी केली. आता फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदर. टीव्हीवर मोठा गाजावाजा. पण झालं काय, दार बदललं, दर तोच राहिला.

कोणी म्हणेल, गरिबाला स्वस्त कपडा मिळतो ना? मिळू दे की. बांगलादेशात विणून शिवलेला माल करारानुसार येतोय, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिथलं लेबल लावून येणाऱ्या चिनी कापडाला.

त्यासाठी नवा कायदाही नको. सप्टेंबर २०२० पासून नियम आहे की सवलत घेणाऱ्या आयातदाराने माल नेमका कुठे, कसा तयार झाला याची माहिती स्वतःजवळ ठेवायची आणि कस्टम्सने मागितली की द्यायची. आपल्या खासदारांनी संसदेत एवढंच विचारावं: न्हावा शेवाला चॅप्टर ६१ च्या किती कन्साइनमेंटची ही माहिती मागितली, आणि कितींची सवलत नाकारली? उत्तर आलं की इथेच टाकतो. तोवर त्या ताडपत्रीवाल्याचा फोटो ग्रुपवरून काढा.