न दिलेले घेऊ नये

मार्गशीर्ष अमावास्या म्हणजे वेळा अमावास्या, बोलीत येळवस. लातूर-धाराशिवकडचा हा सण शेजारच्या परभणी जिल्ह्यातही पाळला जातो. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप उभारतात. तीत चुना लावलेले पाच दगड मांडून हळदकुंकू वाहतात. ते पाच पांडव. भज्जी, उंडे आणि आंबील यांचा नैवेद्य होतो व थोडी आंबील पिकावर शिंपडली जाते. त्या दिवशी गाव ओस पडते. एका दिवसापुरते देऊळच शेतात आलेले असते.

आडतीच्या जुन्या नात्यामुळे आपल्यापैकी पुष्कळ घरांना या जेवणाचे आग्रहाचे आमंत्रण असते. कंदमुळे वर्ज्य आहेत असे कळवले, की घरची माउली आपल्यासाठी भज्जी निराळी शिजवते. अशाच एका आमंत्रणावरून मी कॅमेरा घेऊन गेलो. सोयाबीनच्या ओघात ज्वारीचे क्षेत्र घटत चालले आहे; कोप आहे तोवर तिची चित्रे घ्यावीत, असा विचार होता.

चित्रे कृष्णधवल घ्यायची ठरवली. रंग गेले, की प्लास्टिकच्या खुर्च्या व भडक टोप्या मागे सरतात. उरतात ते हात, कडब्याच्या काड्या आणि चुन्याचे दगड. हिवाळ्यातील सकाळचे तिरपे ऊन त्यांना उठाव देते. कॅमेरा पांढऱ्याला करडे करतो, म्हणून दगडांचे चित्र घेताना प्रकाश एक पायरी वाढवावा लागतो.

खरे कृष्णधवल फिल्मवरच, असे एका स्नेह्यांचे मत. परंतु 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा लेप वापरला, तेव्हापासून फिल्मवरील चांदीचे क्षार जिलेटिनमध्येच धरलेले असतात; आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून निघते. ताटातील भज्जीबाबत इतकी चौकशी करायची आणि कॅमेऱ्यातील फिल्मबाबत मौन पाळायचे, हे मनाला पटेना. मी डिजिटल कॅमेराच वापरला आणि संगणकावर रंग काढले.

महिनाभराने चित्रे घेऊन त्या घरी गेलो. पांडवांपुढे हात जोडून बसलेल्या आजींचे चित्र मला सर्वांत साधलेले वाटत होते. त्यांनी ते उन्हात धरले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “भाऊ, माझं कुकू कुठं गेलं?”

शेजारी त्यांचे यजमान बसले होते. मला उत्तर सुचेना. सावळ्या कपाळावरचे लाल कुंकू करड्या छटेत विरून गेले होते. संगणकावर लाल छटा गडद केली असती, तर ते काळे उमटले असते. पण काळे कुंकू तरी त्यांना कोणत्या तोंडाने दाखवावे? जे रंग मला अडचणीचे वाटले, त्यांतच त्या माउलीचे सौभाग्य होते.

न दिलेली वस्तू घेणे ही चोरी, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. दुकानातील मापात आणि वहीतील आकड्यात आपण हे व्रत जपतो. मी आजींना “फोटो काढू का?” असे विचारले होते, “रंग काढू का?” हे विचारले नव्हते. चेहऱ्याची अनुमती म्हणजे कुंकवाची अनुमती नव्हे.

सुदैवाने मूळ चित्रात रंग शाबूत होते. आठ दिवसांत रंगीत प्रत पोहोचवली. ती आता त्यांच्या देवळीजवळ लावलेली आहे. कृष्णधवल प्रत माझ्यापाशी आहे, परंतु त्यांना विचारूनच ठेवली. त्या हसून म्हणाल्या, “ठेवा की. तुमच्याजवळ बिनकुकवाची, माझ्याजवळ कुकवाची.”

पुढल्या येळवशीचे आमंत्रणही त्यांनी त्याच वेळी दिले.