खांदेरीचा दिवा कोणाच्या वाट्याचा?



जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत अलिबाग तालुक्यातल्या थळसमोरचा खांदेरी आहे, ही रायगडकरांसाठी अभिमानाचीच गोष्ट. मात्र खांदेरीचे कौतुक तट, बुरूज आणि तोफांपाशीच थांबते. 1867 पासून बेटावर उभे असलेले दीपगृह छायाचित्रात ठळक दिसते आणि मजकुरातून गळते.

शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर इंग्रजांनी बांधलेला मनोरा कशाला जपायचा, असे विचारणारे भेटतील. त्यांनी 1679 साल आठवावे. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले हे बेट महाराजांनी त्या वर्षी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडारीच्या हाती दिले आणि पावसाळ्यातच बांधकाम सुरू केले. मुंबईकर इंग्रज हादरले. 18 ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांच्या चपळ होड्यांनी त्यांचे ‘डव्ह’ हे गलबत पकडले. ‘रिव्हेंज’ तेवढे टिकून राहिले. जंजिऱ्याच्या सिद्दीने मग शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडले. पुढे 1718 मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रज पुन्हा खांदेरीवर चालून आले आणि हात हलवत परतले.

ज्या जागेसाठी इंग्रजांनी एवढी धडपड केली, तिथेच पुढे त्यांना दिवा लावावासा वाटला. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना वाट दाखवायला आणि त्याच जहाजांवर नजर ठेवायला एकच खडक सोयीचा! महाराजांनी ही जागा किती अचूक हेरली होती, याचा दगडी पुरावा म्हणजे हा मनोरा. तो वगळला तर किल्ल्याचीच गोष्ट अर्धवट राहते.

खरी अडचण भावनेची नाही, खात्यांची आहे. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली, दिवा मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, आणि वेताळाच्या मंदिरावर श्रद्धा कोळी बांधवांची. तट ढासळला तर कोणाला विचारायचे आणि मनोऱ्याला भेग पडली तर कोणाला, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

केंद्राने 1927 चा दीपगृह कायदा रद्द करून 2021 मध्ये नवा कायदा केला. त्यात केंद्राच्या नियंत्रणाखालील दीपगृहाला ‘वारसा दीपगृह’ घोषित करण्याची सोय आहे. बंदर प्राधिकरणाचा दिवा त्या चौकटीत बसतो की नाही, यावर कागदी खल होऊ शकतो. पण बंदर आणि दीपगृहे दोन्ही एकाच मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. खल मिटवायला फार लांब जावे लागणार नाही.

गोव्याकडे पाहावे. आग्वाद किल्ल्यातले 1864 चे पोर्तुगीज दीपगृह 1976 मध्ये निवृत्त झाले. काम नव्या मनोऱ्याने घेतले, तरी जुना पाडला नाही. 2023 मध्ये देशातला पहिला दीपगृह महोत्सव तिथेच भरला. तिथे किल्ला आणि दिवा यांना कोणी वेगळे मोजत नाही. अर्थात महोत्सवाचा मांडव म्हणजे जतन नव्हे, हेही खरे.

जतनाचे काम त्यामानाने रुक्ष असते. समुद्राकाठच्या जुन्या चुन्याच्या बांधकामावर घाईने सिमेंटचा गिलावा चढवला की आतले खारे पाणी कोंडते आणि दगडच खपल्या टाकू लागतो. जुनी भिंगे आणि फिरवण्याची यंत्रे बदलताना निघालेला माल भंगारात जातो, तो वेगळाच. जीपीएस आल्यावर दिवा कशाला, हा प्रश्नही इथे गैरलागू आहे: वारसा ठरवताना वस्तू कामाची उरली का, एवढेच पाहिले असते तर एकही तट आज यादीत नसता.

तेव्हा संचालनालय आणि बंदर प्राधिकरण यांनी मिळून खांदेरीची एकच जतन-योजना करावी, तीत दीपगृहाची मोजणी, यंत्रांची यादी आणि जुन्या नोंदवह्यांच्या प्रती घ्याव्यात. पर्यटकांच्या होड्या वाढवायच्या असतील तर त्याआधी. आणि योजनेचा मसुदा थळच्या कोळी वस्तीत मराठीतून वाचून दाखवावा.

– एक वाचक, अलिबाग