घरच्या घरी इंग्रजी : दस्तरखानावरचे ‘अप’, ‘ऑफ’ आणि ‘आउट’



डोंगरकड्याकडच्या आपल्या कितीतरी घरांत मुलं अम्मीशी दखनीत बोलतात, गावात मराठीत बोलतात आणि इंग्रजीचं पुस्तक उघडलं की गप्प होतात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरीही फ्रेजल व्हर्ब म्हटलं की वहीत लांबलचक यादी आणि तिचं पाठांतर. परीक्षा झाली की यादी विसरली. ही क्रियापदं खरं तर जेवतानाच शिकावीत, कारण ती चाल आपल्या तोंडात आधीपासून आहे.

‘खाऊन घे’, ‘खाऊन टाक’, ‘खाऊन बघ’. खाणं तिन्हीकडे तेच, पण ‘घे’मध्ये माया आहे, ‘टाक’मध्ये घाई, ‘बघ’मध्ये चव. दखनी-उर्दूतही ‘खा ले’ वेगळं आणि ‘खा डाल’ वेगळं. आपण हे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो; इंग्रजी ते अप, आउट, इन अशा चिमुकल्या शब्दांकडून करून घेते. ‘ईट अप’ म्हणजे ताटातलं संपव. ‘ईट आउट’ म्हणजे हॉटेलात जेवणं, ‘ईट इन’ म्हणजे घरीच जेवणं. ‘पिक ॲट’ म्हणजे घास चिवडत बसणं. आणि ‘ईट इंटू’ तर पैशालाही लागतं : ‘द वेडिंग एट इंटू अवर सेव्हिंग्ज’, लग्नाने शिल्लक खाल्ली. (त्यावर वेगळा लेख होईल.)

सर्वांत फसवा शब्द ‘ऑफ’. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलं. आपल्या भागातली केळी चार दिवस जास्त राहून सडली तर तीही ‘गॉन ऑफ’. पण ‘आय हॅव गॉन ऑफ मिल्क’ म्हटलं तर दूध चांगलंच आहे, माझं मन त्यावरून उडालंय. आणि सहरीच्या वेळी ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म बंद पडला नाही, वाजला! उठलंच पाहिजे.

घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आणखी एक जोडी मुलांकडून पक्की करून घ्या. आहाराच्या कागदावर ‘कट डाउन ऑन सॉल्ट’ असेल तर मीठ कमी करायचं आहे. ‘कट आउट शुगर’ असेल तर साखर पूर्ण बंद. कागद वाचून दाखवणारं घरातलं शिकलेलं मूल इथे गोंधळलं, तर नानीच्या चहात ‘थोडीशी’ साखर पडतच राहते. शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारावं, यात लाज नाही.

शब्दांच्या जागेचंही थोडं सांगते. ‘ईट अप युअर राइस’ आणि ‘ईट युअर राइस अप’ दोन्ही चालतात. पण राइसच्या जागी ‘इट’ आला की तो मध्येच बसतो : ‘ईट इट अप’. ‘ईट अप इट’ कुणी म्हणत नाही. ‘रन आउट ऑफ’ मात्र फोडता येत नाही. ‘वुई हॅव रन आउट ऑफ ऑइल’, तेल संपलं.

पाहुण्यांना आपण ‘बिस्मिल्लाह करा’ म्हणतो. इंग्रजीत मित्रमंडळी ‘डिग इन’ म्हणतात. पण हे सलगीचं बोलणं आहे, अब्बांच्या वयाच्या पाहुण्याला ‘प्लीज स्टार्ट’ बरं. जाता जाता, फ्रेजल व्हर्ब नसलं तरी विचारलं जातं म्हणून : मगरिबला रोजा सोडणं म्हणजे ‘ब्रेक द फास्ट’. मुलं इथे अडखळतात, कारण आपल्याकडे रोजा ‘खोलणं’ आणि रोजा ‘तोडणं’ यांत मोठा फरक. इंग्रजीत दोन्हीला ‘ब्रेक’च. सकाळचा ‘ब्रेकफास्ट’ही त्याच दोन शब्दांचा, रात्रभरचा उपास सोडणारा.

पुढच्या अंकापर्यंत रोज रात्री एकच वाक्य, जेवताना, मोठ्याने. आजचं : ‘वॉर्म अप द दाल, बट डोंट लेट इट बॉइल ओव्हर.’ डाळ गरम कर, पण उतू जाऊ देऊ नको.